बिनधाग्याचा झगा

एकदा काय झालं, एका राजाला मुलगी झाली. इंदुवंती तिचं नाव. पाचवीला सटवाई आली आणि तिच्या कपाळी भलतंच लिहून गेली. हिला धागा सोसायचा नाही! रेशीम घाला, सूत घाला, अंगाची नुसती आग व्हायची. राणीला तिला पोटाशीसुद्धा धरता येईना. लुगड्याचा धागा लागायचा ना!

मग बिचारी केळीची पानं गुंडाळून बसायची. मोठी झाली तरी तसंच. एका वर्षी मात्र अशी थंडी पडली, की बागेतल्या केळी करपल्या. पोर काकडायला लागली. राजानं दवंडी पिटली, "बिनधाग्याचं कापड आणेल त्याला मागेल ते देईन!"

साळी हसले, कोष्टी हसले. पण डोंगरात मायाक्का धनगरीण राहायची, बरं का. ती काही हसली नाही. ती म्हणाली, "का होणार नाही?" एकदा प्रश्न डोक्यात शिरला, की तिला भाकर गोड लागायची नाही.

मग तिनं कोळ्याला विचारलं. तो म्हणाला, "माझ्या तर पोटातच धागा, बाई." सुगरणीला विचारलं. ती म्हणाली, "मी गवताचाही धागाच करते." मग आपल्या म्हाताऱ्या मेंढीला विचारलं. मेंढी नुसती कुशीवर वळली. बघते तर काय, पोटाखालची लोकर दवात भिजून, जमिनीला घासून घट्ट बसलेली. ओढली तरी सुटेना. चक्क कापडच! आणि धागा? एकही नाही.

मग मायाक्कानं कोकरांची पहिली लोकर घेतली. मऊमऊ, सावरीच्या कापसासारखी. पिंजून कोरडीच चोळली, तर वाऱ्यानं उडाली. मग गार पाण्यात घातली, तर नुसता लगदा. तिसऱ्यांदा तिनं लोकर चटईवर उभी-आडवी पसरली. वर काळ्या लोकरीचं हरिण मांडलं. कढत पाण्यात रिठ्याचा फेस केला, शिंपडला, हलक्या हातानं थापटलं. मग चटई गुंडाळली आणि लाटली, लाटली, दिवसभर लाटली. हात लालेलाल झाले. उलगडून बघते, तर केसाला केस बिलगलेला! मान जायला मधोमध भोक कापलं. शिवण नाही हं घातली. शिवणीत धागा येतो ना!

राजवाड्यात इंदुवंती मागं सरली. "आग होईल का गं?"

"मला ठाऊक नाही, बाय," मायाक्का म्हणाली. "घालूनच बघू."

झगा घातला. राणीनं तर डोळेच मिटून घेतले. मग इंदुवंती हळूच म्हणाली, "आई, ऊब लागतेय."

राणी धावली. झग्यासकट लेकीला तिनं पोटाशी धरलं. पहिल्यांदा, बरं का! सोडायलाच तयार नाही.

मायाक्कानं राजाचं कुरण मागितलं, मेंढ्यांना चरायला. राजानं दिलं. आणि इंदुवंती तिच्या मागंच लागली, "मला शिकव." तिनं स्वतः केलेल्या झग्यावर पहिलं हरिण मांडलं, ते झालं बेडकासारखं. पण तोच झगा घालून ती गावभर मिरवली!

मग राजा, राणी, इंदुवंती, मायाक्का सगळे सुखानं नांदले. आणि तुम्ही रे? अजून टक्क जागे? चला, पांघरुणात पाय घ्या, आणि मिटा बघू डोळे.