नाव वाचून मग बंद

"मग जुडगा कुणाला देणार, चाचा?"

अभिनंदन मगदूमने हे त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर चाचा सातव्या मशिनच्या कडेवरून फडकं फिरवत होते. ते फिरवतच राहिले.

जुडगा म्हणजे सात किल्ल्या. इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये सात जुनी व्हिडिओ गेमची मशिनं उभी होती. पूर्वी जत्रेत आणि एस.टी. स्टँडमागच्या पार्लरात असायची तशी, लाकडी, माणसाएवढी उंच. प्रत्येकाच्या मागच्या दाराची एक किल्ली. चाचा पूर्वी जॉबर, म्हणजे मागांचे मिस्त्री. माग गेले, मशिनं आली, हात तेच राहिले.

आता त्या हातांना कंप सुटला होता. पुण्याचा एक हॉटेलवाला सातही मशिनं शोभेसाठी मागत होता. चाचांनी त्याला दिवाळीपर्यंत थोपवून धरलं होतं. तोवर शेड चालवणारं माणूस मिळालं तर जुडगा त्याचा, नाहीतर मशिनं हॉटेलच्या दारात.

अभिनंदनच्या मते माणूस मिळालेलं होतं आणि ते चाचांच्या समोरच उभं होतं.

त्याचंही चुकत नव्हतं. इंजिनियर झालेला माणूस, सहा वर्षं दर शनिवारी पुण्याहून येत होता. सातवं मशिन अकरा वर्षं मेलेलं होतं, आत उंदरांची बाळंतपणं झाली होती. ते त्याने उठवलं. बोर्डाचे कुजलेले मार्ग बारीक तारेने जोडले, पिक्चर ट्यूब बेळगावच्या एका अडगळीतून शोधून आणली, कडेचा निळा रंग चारदा खरवडून पाचव्यांदा जुळवला. एवढं काम आपल्या हातून कधी झालं नाही, असं चाचा येईल त्याला सांगत. सांगताना त्यांची मान ताठ होई.

एक गोष्ट मात्र अभिनंदनने कुणालाच सांगितली नव्हती.

मशिन जिवंत झालं त्याच शनिवारी दुपारी, अर्धं शटर ओढून, तो त्यावर विमानाचा गेम खेळत सुटला. याच मशिनवर पस्तीस वर्षांपूर्वी चाचांनी चार लाख बारा हजारांचा स्कोअर केला होता. तो पुन्हा कुणाला गाठता आला नव्हता. त्या दुपारी अभिनंदनने चार लाख एकतीस हजार सातशे केले. शेवटचं विमान पडलं. नाव लिहायला त्याने दांडा हलवला आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा मशिनला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. या मशिनांची जातच तशी. बंद झालं की दिवसभराची नावं पुसतं आणि कंपनीने घातलेली दहा नावं पुन्हा लावतं, वीस हजारांपासून खाली. फोटो नाही, साक्षीदार नाही. अभिनंदनने चडफडत हत्यारं गोळा केली. त्याच्या पाठीमागच्या स्टुलावर अर्ध्या चहाचा ग्लास होता, तो मोरीत ओतला आणि तो निघून गेला.

पुढच्या शनिवारी येताना तो एक छोटं सर्किट घेऊन आला. सेलवर चालणारं. ते आत बसवलं आणि मशिनचं विसरणं थांबलं.

तो स्कोअर काही परत आला नाही. पण त्याच दिवशी, रात्रीपर्यंत खेळून, पडद्यावरच्या दहाही ओळींत एकच नाव झालं. सर्वांत वर तीन लाख नव्वद हजार, सर्वांत खाली एक लाख दहा हजार, आणि सगळीकडे अभिनंदन.

"जन्माचा आजार होता या मशिनला. मी बरा केला," तो आता चाचांना म्हणाला.

"कसला आजार?"

"विसरण्याचा."

चाचांनी फडकं झटकलं.

"सुलोचना सातव्याला येत न्हाई आताशा. का रं?"

अभिनंदनने वळून पाहिलं. रविवार होता, शेडमध्ये तीस-चाळीस माणसं होती. सुलोचना हेरवाडे पहिल्या मशिनपाशी खेळत होती. आठवडाभर कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या आणि रविवारी इथे यायचं, हा तिचा नेम. ती कुठे खेळते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. कंटाळली असेल, तो म्हणाला.

ती कंटाळली नव्हती. सातवं मशिन सुरू झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी तिने त्यावर सेहेचाळीस हजार केले होते, तिचं नाव सर्वांत वर लागलं होतं, आणि घरी जाताना तिने पेढे नेले होते. पुढच्या रविवारी तिने बावन्न हजार केले. नाव कुठेच लागलं नाही. त्यानंतर ती पहिल्या मशिनकडे गेली.

सहा वाजले. शेड बंद करायची चाचांची एक रीत होती. नाव वाचून मग बंद. प्रत्येक मशिनच्या डोक्यावर हात ठेवायचा, त्या दिवसाचं पहिलं नाव मोठ्याने वाचायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि बटण खाली. तिथे नाव संपलं. सकाळी मशिन कोरं.

चाचांनी सहा मशिनं वाचली. पहिल्यावर सुलोचनाचंच नाव होतं. टाळ्या पडल्या. मग सगळे सातव्यापाशी आले.

"अभिनंदन मगदूम. तीन लाख नव्वद हजार."

तिसऱ्या रविवारी तेच नाव, तोच आकडा. दोन-तीन जणांनी टाळी वाजवल्यासारखं केलं. चाचांनी बटण खाली केलं. थोडं थांबून पुन्हा वर केलं. पडदा उजळला. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन.

"बघितलंत? जात नाही."

"हां. जात न्हाई..." चाचा म्हणाले. "मग वाचायचं कशाला?"

अभिनंदनला ते झोंबलं. चारचौघांत झोंबलं म्हणून तो जास्तच बोलला.

"तुमचे चार लाख बारा हजार कुठे आहेत, चाचा? तेव्हा हे सर्किट असतं तर आज पडद्यावर दिसले असते. आता कुणाला ठाऊक आहेत?"

चाचा फडक्याची घडी घालू लागले.

"चार लाख बारा हजार तीनशे," सुलोचना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"दहा वर्षांची होते मी. कांड्यांच्या टोपलीवर उभी राहून बघितलंय. चाचांच्या कपाळावर माशी बसली होती. हात सुटंल म्हणून त्यांनी हाकलली न्हाई, आन् आमच्यातल्या कुणाची हाकलायची छाती झाली न्हाई."

मागून एक म्हातारा विणकर म्हणाला, उजव्या भुवईवर बसली होती.

अभिनंदनने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग चाचांच्या भुवईकडे.

चाचांनी कमरेचा जुडगा सोडला आणि सातवी किल्ली वर करून त्याच्यापुढे धरला. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो जुडगा हातात आला, पण कशासाठी आलाय हे त्याला कळलं होतं.

त्याने मागचं दार उघडलं. सर्किट त्याचं स्वतःचं होतं, देखणं होतं, सोल्डरिंगचा एकही डाग वेडावाकडा नव्हता. त्याचा त्याला अजूनही अभिमान वाटला. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने दोन्ही तारा ओढल्या.

बटण खाली. बटण वर. पडद्यावर कंपनीची दहा नावं आली. सर्वांत वर वीस हजार.

दार लावून तो उठला तेव्हा त्याचा आवाज फक्त चाचांना ऐकू जाईल एवढाच होता.

"या दहा नावांचं काही वाटत नाही, चाचा. पण त्याआधी एक नाव गेलं माझं. खरं तेच होतं... ते कुणी बघितलंच नाही."

चाचांनी लोकांना आणखी जवळ बोलावलं, पुन्हा मशिनच्या डोक्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे न बघता मोठ्याने वाचलं.

"अभिनंदन मगदूम. चार लाख एकतीस हजार सातशे. माझं चार लाख बारा पोरानं मोडलं."

मग त्यांनी बटण खाली केलं.

टाळ्यांनी पत्रे वाजले. सुलोचनाने तर हात दुखेपर्यंत वाजवल्या. काय करावं ते न सुचून अभिनंदनने जुडगा परत पुढे केला.

चाचांनी तो घेतला नाही. ते चपला शोधत होते.

"कुलूप नीट लाव... आन् त्या शनिवारी मागच्या स्टुलावरचा माझा अर्धा चहा मोरीत ओतलास, तेवढा आता पाज."