खिडकीची बारीक कड

संगणकाचे पडदे अजून पेटीएवढे होते, त्या काळी एका पडद्यावर एक खिडकी राहत असे. तिला आपल्या जाड कडेची लाज वाटे.

“तुझ्यामुळे मी गावंढळ दिसते. बारीक हो,” ती कडेला म्हणाली.

“अगं, मला धरूनच तुला लहानमोठं करतात.”

“शहाणपण नको.”

कड केसाएवढी झाली. बाकीच्या खिडक्या खिडकीचं रूप बघतच राहिल्या.

दुपारी भाषांतर करणाऱ्या शरयूताईंना दोन खिडक्या शेजारी-शेजारी हव्या होत्या. माउसचा बाण कडेवरून सारखा निसटे आणि मागच्याच खिडकीवर पडे.

“दिसते छान, पण धरायची कुठे?” असं पुटपुटत त्यांनी ती खिडकी बंद करायला घेतली.

मिटता मिटता खिडकी कडेवर करवादली, “बघ, अजूनही तू जाडच राहिलीस.”