संपल्याचे टाके

भोरडीच्या खिंडीत, अर्ध्या चढणीवर, उजव्या हाताला कातळात कोरलेले हे जे टाके दिसते, त्याला संपल्याचे टाके म्हणतात. आत बारा महिने पाणी असते, तरी नाव हेच. नाव ऐकून पाहुणे हसतात. आमच्या गावात कोणी हसत नाही.

गोष्ट फार जुनी. कोकणातून मीठ घेऊन येणारे बैलांचे तांडे तेव्हा या खिंडीने घाटावर चढत. पायथ्याचा झरा सोडला की माथ्यापर्यंत पाण्याचा थेंब नव्हता. ठकूबाईचा नवरा अशाच एका तांड्याबरोबर चढताना तहानेने गेला. तेरावा झाला आणि तिने खिंडीत उभे राहून शपथ घेतली, असे सांगतात : "हितं आता कुनी पान्यावाचून मरनार न्हाई. मेलं, तर मी ही खिंड जल्मात उतरनार न्हाई."

शपथ घ्यायला काय लागते? पुढचे दिवस कठीण होते. एक बैल, एक पखाल, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले चार रांजण आणि वर गवताचे छप्पर, एवढाच तिचा पसारा. सुरुवातीला गावातली सात-आठ माणसे हौसेने आली होती. एका रांजणाला उभ्या जागी तडा गेला आणि निम्मी घरी परतली. खिंडीला पाणी सोसत नाही, अशी कुजबुज उरलेल्यांत सुरू झाली, आणि चैत्र सरेपर्यंत त्यांनीही पाय काढता घेतला. घाटावरच्या गावच्या पाटलाने पखाली पाठवतो म्हणून शब्द दिला होता. शब्द पोचला, पखाली काही पोचल्या नाहीत.

राहिला एकटा यल्लाप्पा वडार. कर्नाटकाकडचा माणूस, मराठी जेमतेम. कातळाखाली ओल आहे, इथे टाके होईल, यावर त्याचा भारी विश्वास. महिनाभर तो घण घालत होता आणि नुसती भुकटी निघत होती. त्याची बायको तिम्मव्वा पायथ्याला उतरलेल्या तांड्यात राहत होती. तिचे दिवस भरत आले होते. तिला घेऊन तांडा लवकरच वर चढणार होता.

वैशाखात वारा पडला. घारी छपरावर येऊन बसू लागल्या, हाकलल्या तरी उठेनात. एका सकाळी पखालीचा बैल बसला तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी ठकूबाईने शेवटच्या रांजणावरचे झाकण काढले, तर तळाला नुसता गाळ.

आता आपल्याकडच्या बायका 'संपलं' म्हणत नाहीत. पीठ वाढते, कुंकू वाढते, फुटलेली बांगडीही वाढतेच. अभद्र बोलले की नाट लागतो, हे ठकूबाई आईच्या मांडीवर शिकली होती. त्यातून हे नवे, पुण्याचे काम. खरे सांगायचे तर ती भ्यायली होती. तो एक शब्द तोंडातून गेला की सगळेच गेले, असे तिला वाटे.

ती टाक्यापाशी गेली आणि म्हणाली, "यल्लाप्पा, खाली जा. तांड्याला सांग, रांजनातलं पानी वाढलं म्हनावं."

यल्लाप्पाचा चेहरा उजळला. पाटलाच्या पखाली आल्या, असे त्याने मनाशी धरले. तो धावत उतरला आणि वर पाणी वाढलंय म्हणून तांडाभर सांगत सुटला. मग पाण्याचे ओझे कशाला, म्हणून त्यांनी पखाली पायथ्यालाच ठेवल्या, म्हणे, आणि उन्हे चढता चढता वाट धरली.

तिसऱ्या वळणावर तिम्मव्वा खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. यल्लाप्पा पाण्याचा रिकामा भोपळा घेऊन एका दमात छपराशी आला. एक रांजण पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्यात हात घातला. गाळाने माखलेला हात ठकूबाईपुढे धरून त्याने विचारले, "अक्का, पानी वाडलं म्हनला न्हवं तू?"

"आरं, वाढलं म्हंजी..." ठकूबाईने त्याचा तो हात धरला. "संपलं रं. लेकरा, संपलं."

यल्लाप्पाने हंबरडा फोडला, घण उचलला आणि टाक्याच्या तळाशी घातला. त्या घावासरशी कातळ फुटून पाणी आले, असे सांगतात. कोणी म्हणतात घणाने आले, कोणी म्हणतात खिंड त्या खऱ्या शब्दासाठीच अडून बसली होती. भोपळा भरून तो वळणापर्यंत पोचला तेव्हा तिम्मव्वाला पाण्याची गरज उरली नव्हती. पोटातल्या जिवालाही नव्हती. बाकीचा तांडा वाचला.

ठकूबाईने शपथ पाळली. ती पुन्हा खिंड उतरली नाही. पुढे एकोणीस वर्षे तिने येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजले, पण कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही.

आजही आमच्या गावात पीठ संपते, तेल संपते, कुंकूसुद्धा संपते. बाहेरचे लोक कानांवर हात ठेवतात, ठेवोत बापडे. एखादी नवी सून माहेरच्या सवयीने "तांदूळ वाढले" म्हणून गेली, तर सासू तिला रागवत नाही. हातातले काम टाकून उठते, कणगीत कोपरापर्यंत हात घालते आणि तळ चाचपून बघते.