सगळ्यांचं एकच दार

वेबसाइट बांधणारे अजून जन्मायचे होते, तेव्हाची गोष्ट. रानात प्रत्येक बिळाचं दार वेगळं होतं. बिबट्या मागे लागला की दुसऱ्याच्या बिळात शिरताच येत नसे. म्हणून सुतार पक्ष्याने सगळ्यांसाठी एकच नमुना केला. ढकललं की दार आत उघडे.

सगळ्यांनी तो कौतुकाने घेतला. मुंगसाने फक्त कडी वर सरकवली. आत उघडणारं दार साळिंदराच्या काट्यांना घासे, म्हणून त्याने बिजागऱ्या तेवढ्या उलट्या लावल्या. तरी पाहुण्यांना सगळे अभिमानाने सांगत, "आमच्याकडे एकच दार."

एके दिवशी बिबट्या सशाच्या मागे लागला. सशाने साळिंदराचं दार जीव खाऊन ढकललं. ते हललं नाही.

"साळिंदरदादा, दार उघडत नाही."

"अरे, माझं ओढायचं असतं," साळिंदर आतून शांतपणे म्हणाला. "बाकी दार तेच आहे."