गुळगुळीत साचा

माझी शाळा नववीतच सुटली. त्यामुळे लिहिताना कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्द फारच साधे पडले असतील, तर सांभाळून घ्या. एका फौंड्रीत घडलं तसं सांगतो.

"चाचा, सही कधी करणार?" भूपालनं विचारलं.

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. त्यांनी मूठभर वाळू दाबली आणि मूठ उघडली. वाळूवर बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटले होते.

"ओल बरी हाय," ते म्हणाले.

"मी सहीचं विचारतोय. शनिवारी माझं वर्ष संपतंय."

"ऐकू येतंय की रं..."

कोल्हापूरकडच्या त्या फौंड्रीत एके काळी अठरा मोल्डर होते. मोल्डर म्हणजे लोखंड ओतायला वाळूचे साचे घडवणारे कारागीर. आता चौघं उरले होते, आणि चौघांचेही गुडघे कुरकुरत होते. नवी पोरं वाळूत बसायला तयार नव्हती. हाती आलेली कामं माणसांअभावी परत जायला लागली, तेव्हा सरकारची योजना आली. सहा महिने केंद्रात शिकायचं, मग वर्षभर जुन्या माणसाच्या हाताखाली राबायचं. विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलणार. शेवटी उस्तादानं कागदावर सही करायची, की हा गडी आता एकटा उभा राहील.

त्या सहीशिवाय भूपाल मगदूमला प्रमाणपत्र नव्हतं. आणि पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यानं त्याला सोमवारी प्रमाणपत्र घेऊनच बोलावलं होतं. त्याच्या घरात असं पत्र पहिल्यांदाच आलं होतं. आईनं ते शेजारपाजाऱ्यांकडून तीनदा वाचून घेतलं होतं.

"केंद्रात माझा पहिला नंबर होता, चाचा. परीक्षकांनी साच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, आरसा आहे आरसा!"

"मग त्या आरशात लोखंड वतलं का?"

"तिथं भट्टी कुठली? साचा बघून मार्क देतात."

चाचा हसले. 

"आज पंपाचं हाउसिंग तू कर. सगळं तूच. मी हात लावणार न्हाई."

भूपाल हरखला. हाउसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं लोखंडी कवच. त्यानं साच्याच्या लोखंडी पेटीत वाळू भरली, ठोकली, पुन्हा भरली, पुन्हा ठोकली. दगडासारखी घट्ट झाली तरी ठोकत राहिला. मग साच्याचं अंग असं घासलं, की त्यावरून नजर घसरावी.

साच्यात तारेनं भोकं पाडायची असतात. लोखंड ओतलं की वाळूतली वाफ त्या वाटेनं निघून जाते; वाळू फार घट्ट ठोकली, तर ती आतच कोंडते. पण जास्त भोकं पाडली की साचा देखणा दिसत नाही. केंद्रात त्याचे मार्क जायचे. भूपालनं चारच पाडली.

"वाफंला वाट केलीस?" चाचांनी विचारलं.

"केली."

"पुरंल?"

"केंद्रात एवढीच करायचो."

"...बरं."

त्या फौंड्रीत एक रीत होती. प्रत्येक मोल्डर साच्याच्या कोपऱ्यात आपली खूण काढायचा. ती लोखंडावर उमटायची. माल खराब निघाला, तर हात कुणाचा ते कळायचं. चाचांची खूण दोन आडव्या रेघा. शिकाऊ पोराला खूण नसायची. भूपालनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खूण काढली, एक उभी रेघ. मग घाम पुसत पाणी प्यायला गेला.

तो परत आला, तोवर चाचांनी शेजारच्या दोघांना हाताशी धरून वरची पेटी बसवून साचा बंदही केला होता.

दुपारी वितळलेलं लोखंड आलं. ओतायला सुरुवात झाली, आणि चाचांनी भूपालची कॉलर धरून त्याला चार पावलं मागं ओढलं.

साचा उकळला. आतून गुरगुरल्यासारखा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. संध्याकाळी वाळू फोडली, तर हाउसिंग मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं निघालं.

सुपरवायझर शिंत्रे आले. "कुणाचं हे?" म्हणत त्यांनी कोपरा पुसला.

दोन आडव्या रेघा.

"चाचा? तुमचं?"

"वय झालं, सायेब."

"अहो, छत्तीस वर्षांत असं..."

"आता झालं. भट्टीत घाला परत. लोखंडाला कुठं लाज वाटती?"

शिंत्रे मान हलवत गेले. भूपाल खाली बघत फुटलेली वाळू गोळा करू लागला. सोमवार त्याच्या डोळ्यांपुढं उभा होता.

सगळे हात धुवायला गेल्यावर तो चाचांसमोर आला.

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हतं."

"मग अडवलं का नाही?"

"मागं वडलं की."

"चाचा, चेष्टा नको! आणि माझी खूण का पुसली?"

चाचांनी हात पुढं केला. "कागद आण तुझा."

भूपालनं खिशातून कागद काढला. चाचांनी तो गुडघ्यावर ठेवून हळूहळू, एकेक अक्षर लावत सही केली.

"आज?" भूपालनं विचारलं. "आज सही करताय? एवढं वाटोळं झाल्यावर?"

"काल केली असती, तर नुसती कागदावर झाली असती."

भूपाल कागद घेऊन घरी गेला. आईनं विचारलं, "झाली का रे सही?" तो म्हणाला, "झाली." आणि जेवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी फौंड्रीत आला आणि थेट शिंत्र्यांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, कालचं हाउसिंग माझं होतं."

शिंत्र्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुला सोमवारी पुण्याला जायचंय ना?"

"हो."

"हे बोललास, तर तुझा कागद मला थांबवावा लागेल. दुसरं हाउसिंग चांगलं निघेपर्यंत."

भूपालनं सहीचा कागद टेबलावर ठेवला.

तो बाहेर आला, तेव्हा चाचा वाळू चाळत बसले होते. तो त्यांच्याशेजारी बसला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"भ्या वाटलं?"

"वाटलं, चाचा... अजून वाटतंय."

चाचांनी सरकून त्याला जागा करून दिली आणि ठोकणी त्याच्या हातात दिली.

"वाटू दे. त्यानं हात हलका पडतो."