एका डोळ्याने झोपलेला राक्षस

समुद्रापलीकडे जपान देशात, बर्फाच्या डोंगराखाली वसलेल्या एका गावात एक बाहुल्या करणारी बाई राहत होती. तिच्या हातची बाहुली अशी की पाहणाऱ्याला वाटावं, आता पापणी मिटेल. लांबलांबची माणसं बाहुली न्यायला आली की गावकरी त्यांना मोठ्या अभिमानाने तिच्या दारापर्यंत पोचवून जात. तिला एक लेक होती, चियो. समोरचा दात नुकताच पडलेली, बडबडी, पण भारी भित्री.

हिवाळा सरत आला की त्या गावात राक्षस हाकलायचा सण असे. घरातला कर्ता पुरुष राक्षसाचा मुखवटा लावून दारात येऊन गुरगुरायचा. मग घरातलं सगळ्यात लहान लेकरू त्याच्यावर भाजलेल्या सोयाबीनच्या मुठी फेकायचं आणि ओरडायचं, "राक्षस बाहेर! सुख आत!" राक्षस पळाला की दार लावायचं, उरलेले दाणे फुटाण्यांसारखे खात बसायचं. आणि तो पळेपर्यंत दार काही लावायचं नाही, मग बाहेर कितीही बर्फ पडो.

आणखी एक रीत होती. मुखवटा त्या लहानग्यानेच करायचा. मोठ्यांनी कागद द्यावा, खळ शिजवून द्यावी, पण कुंचल्याला हात लावायचा नाही. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं. आधीपासून तसंच चालत आलेलं.

मागच्या वर्षी चियो आईच्या कमरेला बिलगून जी रडली, ती थांबलीच नाही. शेवटी शेजारच्या मुलाला बोलावून राक्षस हाकलावा लागला. त्यानंतर वर्षभर ती मागच्या अंगणात एकटी गेली नाही. पण यंदा तिने जाहीर केलं होतं, "मीच हाकलणार!" आईने देवापुढे हात जोडले. एवढं एक जमलं, तर पोरगी धीट होईल.

सणाच्या दिवशी सकाळी चियो जाड कागद घेऊन शेकोटीपाशी बसली. जिभेचं टोक बाहेर काढून तिने कुंचला चालवला. आई बाजूला बाहुलीच्या ओठांना रंग देत होती, पण लक्ष सगळं इकडे.

"हा डोळा एवढासा का गं?"

"त्याला झोप येतेय. एक डोळा झोपलाय."

"आणि दात एकच?"

"बाकीचे पडले. माझा नाही का पडला?"

"आणि हे शिंग वाकडं?"

"अगं आई, एवढी मोठी शिंगं घेऊन दारातून आत आला, मग आपटणार नाही का?"

आईला हसू आलं. पण बोटं शिवशिवत होती. गालाचा रंग ओघळला होता, गवताचे केस एकाच बाजूला चिकटले होते.

तेवढ्यात शेजारीण ताजे भाजलेले दाणे घेऊन आली. सूप खाली ठेवायच्या आधीच तिची नजर मुखवट्यावर गेली.

"अगं बाई! हा राक्षस आहे की उकडलेलं रताळं?"

"चियोने केलाय," आई म्हणाली.

"ते दिसतंयच गं. पण बाहुलीवालीच्या घरचा मुखवटा म्हणून गल्ली गोळा होणार बघायला. मला मेलीला काय, मी आपलं म्हटलं."

म्हटलं आणि गेली. बोलणं मात्र मागे राहिलं.

दुपारी चियो गोधडीत झोपली. आईने मुखवटा हातात घेतला. वरून कागदाचा तुकडा चिकटवून नुसता डोळा सारखा करू, असं तिने ठरवलं. डोळा सारखा झाला, तर दात विचित्र दिसायला लागला. दात नीट करावा, तर गाल ओघळलेला. शेवटी तिने खळ लावून अख्ख्या मुखवट्यावर नवा पातळ कागद चढवला आणि मनासारखा राक्षस रंगवायला घेतला. लालभडक चेहरा, सोनेरी डोळे, ओठांबाहेर आलेले सुळे, घोड्याच्या केसांची आयाळ. इतकं सुंदर काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

चियोचे बाबा लाकडं घेऊन आले आणि दारातच थबकले. "हा पोरीने केला?"

"मी फक्त थोडा हात फिरवला," आई म्हणाली.

चियो उठल्यावर आई तिला म्हणाली, "वाळतोय मुखवटा. आता संध्याकाळीच बघ."

तिन्हीसांजेला गल्ली खरंच गोळा झाली. चियो मुठी भरून दारात उभी राहिली, पाय घट्ट रोवून. बाबा बर्फातून गुरगुरत आले. सोनेरी डोळे दिव्याच्या उजेडात चमकले.

"वा! काय काम आहे!" शेजारीण ओरडली.

चियोच्या मुठी उघडल्या. दाणे खाली सांडले. किंकाळी फोडून ती आत पळाली आणि गोधड्यांच्या ढिगात शिरली.

बाबांनी घाईने मुखवटा वर सरकवला. "अगं वेडे, मी आहे!"

गोधडीतून रडका आवाज आला, "तुम्ही आहात, ठाऊक आहे मला. पण तोही आहे ना!"

दार उघडंच होतं. वारा आत घुसत होता, उंबरठ्यावर बर्फ साचायला लागला. लोक पाय आपटत उभे होते. कुणीतरी म्हणालं, "मागच्या वर्षीसारखं शेजारच्या पोराला बोलवा आणि उरका."

आईने गोधड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. तो थरथरत होता. मग तिने नवऱ्याच्या डोक्यावरचा मुखवटा काढून घेतला, शेकोटीवरच्या कोमट पाण्यात फडकं बुडवलं आणि त्या सोनेरी डोळ्यांवर दाबून धरलं.

"अगं, अगं, काय करतेस!" शेजारीण कळवळली. "आजवरचं सगळ्यात देखणं काम तुझं!"

खळ सुटली तशी आईने एका कडेने कागद सोलायला घेतला. आयाळ निघाली, सुळे निघाले, लाल रंग तिच्या कोपरापर्यंत ओघळला. आणि खालून हळूच एक एवढासा झोपाळू डोळा बाहेर आला.

"चियो, बघ तरी. हा कोण आलाय?"

गोधडीची एक कड उचलली गेली. "अय्या! हा तर माझा!"

"मग? दारात उभा राहून गारठलाय बिचारा."

बाबांनी ओलसर, वाकड्या शिंगाचा मुखवटा लावला आणि गुरगुरले. चियो खुदकन हसली. खाली सांडलेले दाणे तिने दोन्ही हातांनी गोळा केले आणि असे काही भिरकावले की बाबा खरंच धूम पळाले. "राक्षस बाहेर! सुख आत!" सारी गल्ली टाळ्या वाजवत तिच्यासोबत ओरडली.

दार लावताना चियोला उंबरठ्यावर सोनेरी डोळ्यांचा ओला कागद दिसला. "आई, हा कुणाचा राक्षस?"

आई म्हणाली, "हा माझा गं."

चियोने उरलेल्या दाण्यांतली एक मूठ आईच्या हातावर ठेवली. "मग तुझा तूच हाकल."

आईने मूठ उचलली आणि जोरात फेकली.

तात्पर्य, म्हटलं तर एवढंच: लेकराचं वेडंवाकडं काम आपण सुबक करून दिलं, की शोभा आपली वाढते आणि बळ त्याचं जातं.