अकरा जणांचा माळ

डोंगरमाथ्यावरच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे आणि त्याला फुटबॉलचे भारी वेड होते. पण मुलांनो, वेड असणे निराळे आणि खेळता येणे निराळे. साळिंदर चेंडूजवळ गेला की त्याचा एखादा काटा चेंडूत घुसे आणि फुस्स! असे तीन चेंडू वाया गेल्यावर त्याने खेळणे सोडले आणि शिकवायला सुरुवात केली. बऱ्याच गुरुजींचे असेच होते.

जंगलाच्या मधोमध एक सपाट माळ होता. ऊन कलले की साळिंदर माळाच्या कडेला उभा राहून हाक मारी, "चला रे, कोण कोण आलंय?" जो येई तो खेळे. रानडुकराची दांडगी पोरे येत, ससे येत, भेकरे येत, वानरे येत. खवल्या मांजराचे पोरही येई. ते घाबरले की अंगाचा गोळा करून घेई आणि गर्दीत कुणीतरी चेंडू समजून त्यालाच लाथ मारी. कासवाचे पोर चेंडूपर्यंत पोचायच्या आत चेंडू दुसरीकडे गेलेला असे. पण साळिंदर कुणालाही घरी पाठवत नसे. जमलेल्यांचे दोन भाग करून तो एवढेच सांगे, "चेंडू कवटाळून बसू नका रे. द्या आणि पुढे पळा."

एके दिवशी गव्यांचा म्होरक्या वाघाकडे गेला. "महाराज, आमचा कळप वाढलाय. त्या माळावर पोरं नुसता धिंगाणा घालतात. माळ आम्हाला चरायला द्या." वाघ न्यायी होता आणि तितकाच आळशीही होता. तो म्हणाला, "पावसाळा सरला की मी स्वतः येऊन बघेन. तिथे पोरांचा खेळ चाललेला दिसला तर माळ पोरांचा. नाही दिसला तर तुमचा."

ही गोष्ट साळिंदराच्या कानावर आली. जंगलात तेवढी एकच सपाट जागा होती. बाकी सगळा उतार आणि दगडधोंडे. माळ गेला तर खेळही गेला, हे त्याला स्पष्ट दिसत होते. पण तो काही बोलायच्या आतच कोल्हा पुढे सरसावला. कोल्हा हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

"साळिंदरराव, तुमच्या या गोंधळाने महाराज खूश व्हायचे नाहीत," कोल्हा म्हणाला. "संघ पाहिजे, संघ! चांगले अकरा निवडू आणि त्यांना तयार करू. नदीपलीकडच्या जंगलाचा संघ बोलावून महाराजांच्या देखत त्यांना हरवू. मग माळाला हात लावायची कुणाची टाप आहे?"

"आणि बाकीची पोरं?" साळिंदराने विचारले.

"बाकीची टाळ्या वाजवतील."

सगळ्या आईबापांना ही योजना पसंत पडली, कारण आपले पोर अकरांत असणार याची प्रत्येकाला खात्री होती. कोल्ह्याने एका दुपारीत निवड उरकली. जे दांडगे होते आणि जे वेगाने पळत होते ते राहिले. उरलेल्यांना त्याने सांगितले, "आता इकडे फिरकायचं नाही. सरावात अडथळा येतो." खवल्या मांजराचे पोर सगळ्यांसमोर गोळा होऊन पडले आणि बराच वेळ उलगडलेच नाही. पोर किती दुखावले आहे हे कुणालाही दिसले असते, पण कोल्हा तेव्हा माळाच्या सीमा आखत होता.

साळिंदराला कोल्ह्याने निरोप दिला नाही, फक्त विचारायचे बंद केले. तोही मुकाट्याने उताराकडे निघाला. मागे वळून पाहतो तो बाद झालेली सारी पोरे त्याच्या मागून येत होती. त्यांना घरी जा म्हणणे त्याच्या जिवावर आले. मग उतारावरच खेळ सुरू झाला. वाळलेले गवत वेलीने आवळून त्यांनी चेंडू केला. तो घरंगळत ओढ्यापर्यंत जाई आणि तो आणता आणता पोरांचा जीव मेटाकुटीला येई. वरून खाली खेळणारे नेहमी जिंकत, म्हणून अर्ध्या खेळात बाजू बदलायचे ठरले. बोंब अशी की बाजू बदलली तरी भांडण काही थांबेना. तरी दुसऱ्या दिवशी सगळे हजर.

तिकडे माळावर अकरा जणांचा सराव शिस्तीत चालला होता. ते ओळीने पळत, ओळीने चेंडू देत आणि रिकाम्या गोलात मारत. रिकाम्या गोलात चेंडू मारण्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, कुणी धरला नसता.

पावसाळा सरला. ठरल्या दिवशी वाघ आला आणि एका खडकावर बसला. गव्यांचा कळप माळाच्या कडेला रवंथ करत उभा राहिला. कोल्हा पलीकडच्या संघाची वाट पाहू लागला. संघ आला नाही, त्यांचा कावळा आला. तो म्हणाला, "आमच्या अकरांतली चार वानरं आहेत ना, ती उंबर पिकले म्हणून पळाली. दुसरे कुणी खेळणारे नाहीत. आम्हीही अकराच निवडले होते."

कोल्ह्याच्या तोंडचे पाणी पळाले. पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. "महाराज, आमच्या पोरांचा सराव तर बघा!" अकरा जण ओळीने पळाले, ओळीने चेंडू दिला, रिकाम्या गोलात मारला. पुन्हा पळाले, पुन्हा मारला. वाघाने जांभई दिली.

"ही कवायत झाली," वाघ म्हणाला. "यांना अडवणारे कुठे आहेत? आणि इथे रोज पोरं खेळतात म्हणता, तर येताना कडेचं गवत माझ्या पोटाला कसं लागलं?"

गव्यांचा म्होरक्या दोन पावले पुढे आला.

"महाराज, थोडा वेळ द्या," असे म्हणून कोल्हा धूम पळाला तो थेट उतारावर. धापा टाकत म्हणाला, "साळिंदरराव, पोरं द्या. नाहीतर माळ गेला!"

साळिंदराला मनातून बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो म्हणाला, "माझ्याकडे काय मागता? खेळणारे ते आहेत, त्यांना विचारा."

कोल्हा पोरांकडे वळला. "याल का?" एवढेच तो म्हणाला.

खवल्या मांजराचे पोर पुढे आले. ते घाबरले होते, पण गोळा झाले नाही. "आज आलो तर उद्या येऊ द्याल?"

"येऊ देईन."

"आणि परवा?"

"रोज या. सगळे या. पण आत्ता चला!"

पोरे वर आली आणि खेळ सुरू झाला. पहिल्याच फटक्यात अकरा जण गडबडले. चेंडू घेऊन निघावे तर मध्ये कुणीतरी आडवे येत होते, आणि आडव्या आलेल्याला चुकवायचे कसे हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. अकरांतले भेकर घसरले, ससा कोलमडला, तर कासवाचे पोर गोलासमोर नुसते उभे राहूनच दोन चेंडू अडवून गेले. दगडधोंड्यांत खेळलेल्या पोरांना सपाट माळ म्हणजे चैनच वाटत होती. माळभर धूळ आणि आरडाओरडा. वाघ खडकावर उठून उभा राहिला आणि शेपटी आपटू लागला.

अखेर ताकद ती ताकद. अकरा जण पाच-दोन जिंकले.

"माळ पोरांचा," वाघ म्हणाला आणि निघून गेला. गवेही परतले. कोल्हा विजयी संघाला मिरवायला धावला, पण कुणी जागेवर थांबलेच नाही. रानडुकराचे दांडगे पोर, ज्याने पाचांपैकी तीन गोल केले होते, ते खवल्या मांजराच्या पोरामागे धावत गेले होते.

"उद्या नक्की येशील ना रे?" ते विचारत होते. "तू नाही आलास तर आम्ही खेळायचं कुणाशी?"

तात्पर्य : निवडक अकरांचा संघ होतो, खेळ होत नाही, खेळ वाढवायचा असेल तर ज्याला घरी पाठवावेसे वाटते त्यालाही मैदानात जागा द्यावी.